शेंडी बदक दाखवणारे गायकवाड सर

गायकवाड सर बदकाचं नाव आधी घेऊ द्यायचे नाहीत. थंडीत येलदरीच्या धरणावर पाहुणी बदकं उतरली की रविवारी आम्ही दोघं पेडगावहून एसटीनं जायचो. एकाच शाळेत ते विज्ञान शिकवत, मी मराठी. दुर्बीण माझ्या हाती देऊन म्हणायचे, "नाव र्‍हाऊ द्या, बापूराव. दिसलं तेवढं सांगा."

मी सांगायचो. डोकं, छाती, पाठ काळी. कुशी पांढऱ्याशुभ्र. डोक्यामागं लोंबती शेंडी.

"शेंडी हाय म्हंजे भटजीच," मी एकदा म्हणालो. ते हसले नाहीत.

"बुडी मारून आलं की शेंडी चिकटून बसती. मग काय दुसरं बदक झालं का ते? डोळा बघा."

"पिवळा."

"चोच?"

"निळसर. टोकाला काळी."

"आता म्हणा, शेंडी बदक."

मादीवरून वाद व्हायचे. ती सगळी तपकिरी, शेंडी नावापुरती. एखादीच्या चोचीच्या मुळाशी पांढरा डाग असतो, मग ती भलत्याच बदकासारखी दिसते. मी कंटाळून नाव ठोकून द्यायचो. सर ती बुडते, वर येते, पुन्हा बुडते हे बघत बसायचे आणि शेवटी खुशाल म्हणायचे, "न्हाई कळालं." माणूस तुसडा होता. चुकलेल्या पोरापेक्षा अंदाजानं बरोबर आलेल्यावर जास्त चिडायचा.

विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या हिवाळ्यात गावोगाव जातीवरून वातावरण तंग होतं. धरणाच्या रस्त्यावर नेहमीच्या हॉटेलात आम्ही चहा घेत होतो. बाकावर चार-पाच अनोळखी माणसं, तेच बोलणं चाललेलं. मालकानं मला विचारलं, "बापूराव, हे गायकवाड सर म्हंजे कोन्ते गायकवाड? आपल्यातलेच ना?"

गायकवाड आम्हा मराठ्यांत असतात, बौद्धांतही असतात. मी म्हणालो, "हो, आपल्यातलेच."

सरांनी कप खाली ठेवला. "न्हाई, मालक. मी बौद्ध हाय."

"आमी कुठं काय म्हनलं, सर?" मालक म्हणाला. कोणी काही केलं नाही. मालकानं बाकीचे कप उचलून नेले, सरांचा तेवढा बाकावरच राहिला. मीही तो उचलला नाही.

एसटीत मी म्हणालो, "तुमचं भलंच बघितलं, सर. दिवस कसले हायेत."

"भीती कशाची वाटली, बापूराव? मला मार बसायची, का माझ्यासंगं चहा पिता हे कळायची?"

ह्याचं उत्तर अजूनही शोधायला बसलो की थकून जातो.

सोमवारी शाळेत त्यांनी मला पहिल्यांदा 'सर' म्हटलं. पुढं निवृत्त होईपर्यंत 'सर'च. येलदरीला ते माझ्याबरोबर पुन्हा आले नाहीत. कोणी विचारलं तर मी सांगायचो, त्यांचे गुडघे दुखतात.

गेल्या वर्षी ते वारले. भेटायला गेलो तेव्हा वहिनींनी विचारलं, "तुमी दोघं एवढं जात होता. एकाएकी का हो बंद झालं? ह्यांनी कधी सांगितलंच न्हाई."

सवयीनं तोंडातून गुडघेच निघाले.

"गुडघे?" वहिनी माझ्याकडं बघत राहिल्या. "आत्ता आत्तापर्यंत सायकलीवर बाजाराला जात होते की."

त्यांनी चहा दिला. तो पिऊन मी उठलो.

वहिनी, गुडघे चांगले होते. मी त्यांची जात झाकली, आणि त्यांनी ती स्वतः सांगितल्यावर त्यांचा कप उचलला नाही. एवढंच झालं होतं.