यंत्रांची धर्माची आई

लेओकादिया चुकीमिया या बाईंना नवरा नव्हता, पोटचं मूल नव्हतं, भावंडं होती ती खाणीच्या गावाकडेच राहिली होती. तरीही आमच्या विद्यापीठात त्यांच्याएवढा गोतावळा कुणाचा नव्हता. तो त्यांना संगणकांनी मिळवून दिला होता.

आमच्या ला पाझ शहरात नवी वस्तू आली की तिला धर्माची आई नाहीतर धर्माचा बाप लागतो. घर असो, टॅक्सी असो, नाहीतर फुटबॉलच्या संघाचे सदरे. मानाचं माणूस पुढे होतं, वस्तूच्या चारी कोपऱ्यांवर दारूचे थेंब शिंपडतं, रंगीत कागदाचे कपटे उधळतं, थोडी भुईलाही पाजतं. त्या दिवसापासून ते माणूस आणि वस्तूचा मालक एकमेकांना कोंपाद्रे म्हणतात, बाई असेल तर कोमाद्रे. हे नातं सख्ख्यापेक्षा बळकट असतं, कारण सख्खे काही आपण पारखून घेतलेले नसतात. लग्न, बारसं, मयत, सगळीकडे कोमाद्रेला पहिली हाक जाते.

भूगर्भशास्त्राची संगणक प्रयोगशाळा उघडली तेव्हा तिचे धर्मबाप डीन होणार होते. पण डीन संपावर होते आणि उपडीन त्या संपाच्या निषेधार्थ संपावर होते. प्रयोगशाळा सांभाळणारा कासियानो युख्रा हा सरळ माणूस. दारूची बाटली उघडून बसला होता, ती परत कशी बंद करणार? संगणक विभागाच्या मदतखिडकीवर बसणाऱ्या लेओकादियाबाई तारा तपासायला आल्या होत्या, त्यांनाच त्याने पुढे केलं. बाईंनी चारी कोपरे शिंपडले, एक घोट स्वतः घेतला आणि कासियानोच्या कोमाद्रे झाल्या.

पुढे असं दिसून आलं की भूगर्भशास्त्राचे संगणक कधी आजारी पडत नाहीत. खरं तर पडत होते, पण पडले की बाई हातातलं काम टाकून धावत जायच्या. लेकराला ताप आल्यावर धर्माच्या आईने खिडकीत बसून राहायचं म्हणजे काय? ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. भाषाशास्त्र, दंतवैद्यक, गुरांचा दवाखाना, ज्याच्याकडे म्हणून नवीन यंत्र आलं तो बाटली घेऊन खिडकीशी हजर व्हायला लागला. कार्निव्हलच्या मंगळवारी बाई सकाळपासून एका इमारतीतून दुसरीत जात आपल्या लेकरांवर दारू शिंपडायच्या, आणि संध्याकाळी त्यांना घरी पोचवायला कुणीतरी कोंपाद्रे बरोबर लागायचाच.

फक्त वैद्यकशाखेने बाईंना कधी बोलावलं नाही. तिथल्या लोकांचा विज्ञानावर विश्वास होता. त्यांच्या तक्रारी बाई रीतसर नोंदवून घ्यायच्या आणि गठ्ठ्याच्या तळाशी ठेवायच्या. तिथल्या एका प्राध्यापकांनी पासवर्ड बदलून मागितला होता, तो मिळेपर्यंत ते निवृत्त झाले. बाईंना याचं वाईट वाटत नव्हतं असं नाही, पण आई नसलेल्या पोरांचं दुखणं जरा मागेच पडतं, असं त्या म्हणायच्या आणि विषय बदलायच्या.

खिडकीत एक फोन होता. तो वाजला की आधी बाईंच्या गुडघ्याची चौकशी, मग समोरच्याच्या सासूची, मग बटाट्याच्या भावाची, आणि शेवटी, ठेवता ठेवता, "अहो कोमाद्रे, इंटरनेट बंद आहे वाटतं सकाळपासून." बाई वरच्या वस्तीत एका खोलीत भाड्याने राहायच्या. खोलीत त्यांना भीती एकाच गोष्टीची वाटायची. ज्या रविवारी कुणाचंच आमंत्रण नसेल तो रविवार. फोनच्या कृपेने असा रविवार क्वचित यायचा. खिशात वाजणारा फोन त्यांनी घेतला नव्हता, कारण ज्याला हव्या असतील त्याला त्या खिडकीत सापडायच्याच.

मग सुधारणा आली.

नवे संचालक इंजिनिअर इतुर्री हे सुक्रे शहरातले. ब्राझीलमध्ये शिकून आलेले, नीटनेटके, जेवताना नुसतं पाणी पिणारे. माणूस वाईट नव्हता. आल्या आल्या त्यांनी जुन्या तक्रारी चाळल्या आणि बाईंना बोलावून घेतलं. बाईंना ते मानाने 'दोन्या' म्हणायचे.

"दोन्या लेओकादिया, भाषाशास्त्राचा माऊस तासाभरात बदलला जातो आणि वैद्यकशाखेचं इंटरनेट पावसाळाभर बंद राहतं. हे बरोबर आहे का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"मग?"

"त्यांनी मला कधी बोलावलं नाही, साहेब."

इतुर्रींनी हे ऐकून घेतलं आणि नवी पद्धत सुरू केली. यापुढे तक्रार संगणकावर भरायची. तिला क्रमांक मिळणार. चार प्रकार ठेवले होते: तातडीची, मध्यम, कमी महत्त्वाची आणि इतर. काम झालं की बाईंनी बटण दाबून तक्रार बंद करायची, आणि तक्रारदाराला आपोआप निरोप जाणार. फोन काढून नेला. इंटरनेट बंद असेल तर संगणकावर तक्रार कशी भरायची, असं बाईंनी विचारलं. शेजारच्या इमारतीत जाऊन भरायची, असं उत्तर मिळालं.

खोटं कशाला बोला, पद्धत चांगली होती. वैद्यकशाखेचं इंटरनेट त्याच आठवड्यात सुरू झालं. जिथे कधी कुणी फिरकलं नव्हतं अशा खोल्यांमधली छपाईयंत्रंसुद्धा कागद ओकू लागली. बाईंना कामाचा कंटाळा कधीच नव्हता. क्रमांक आला की त्या जायच्या, काम करायच्या, परत यायच्या. पण क्रमांकाला गुडघ्याची चौकशी करता येत नाही. दहाच्या सुमाराला त्या एकट्याच साल्तेन्या, म्हणजे सारण भरलेली भाजकी करंजी, खायच्या, आतला रस्सा कागदावर सांडू न देता, आणि फोन होता त्या जागेकडे बघत बसायच्या. त्यांना फार एकटं वाटायचं.

मग एके दिवशी भाषाशास्त्राच्या एर्मिनियाची तक्रार आली. एर्मिनिया म्हणजे तिथली कारकून, बाईंची दुसरी कोमाद्रे आणि तोंडाने पहिली. तिने लिहिलं होतं: "कोमाद्रे, फोन का लागत नाही? गुडघा कसा आहे? हे 'इतर'मध्ये टाकतेय. तातडीचं म्हटलं तर खोटं होईल, आणि कमी महत्त्वाचं म्हटलं तर तुम्ही वर्षभर बोलणार नाही."

ही वाट सगळ्यांना बरोबर सापडली. 'इतर'मध्ये मग बटाट्याचे भाव आले, पोरींचे साखरपुडे आले, कुणाच्या जावयाची दारू सुटल्याची आणि पुढल्या आठवड्यात परत लागल्याची बातमी आली. बाई हा सगळा ऐवज शनिवारच्या अर्ध्या दिवसासाठी राखून ठेवायच्या. खिडकी बंद असायची, चहा जवळ असायचा, आणि त्या एका बोटाने सावकाश उत्तरं लिहायच्या. तक्रार मात्र बंद करायच्या नाहीत. आमंत्रण बंद कसं करायचं? ते आपण जाऊन आल्यावर बंद होतं, आणि तेव्हाही पुढच्याची बोलणी सुरू झालेली असतात.

त्यामुळे विद्यापीठाच्या इतिहासात पहिल्यांदा सगळं सुरळीत चालू असताना उघड्या तक्रारींची संख्या मात्र वाढत चालली. रेक्टरसाहेबांपुढे आलेख ठेवायचा होता. शुक्रवारी सकाळी इतुर्री खिडकीशी आले.

"दोन्या लेओकादिया, हे 'इतर' काय आहे?"

"माणसं आहेत, साहेब."

"त्यांची अडचण काय आहे?"

"ते विचारताहेत माझी काय आहे म्हणून."

इतुर्रींनी कपाळ चोळलं. "हे बघा, मला दुपारी वर जायचं आहे. त्याआधी हा आकडा शून्य हवा. सगळ्या बंद करा."

"कालच्या वाचायच्या राहिल्यात अजून."

"बंद केल्या म्हणजे नाहीशा होत नाहीत. नंतर वाचा निवांत. कुणी पळवून नेतंय का?"

हेही खरंच होतं. यादीच्या माथ्यावर एक चौकोन होता, त्यात खूण केली की सगळ्या ओळींवर खूण व्हायची. बाईंनी तिथे खूण केली आणि बटण दाबलं. पडदा स्वच्छ झाला. इतुर्रींनी आभार मानले, बाईंच्या गुडघ्याची चौकशीही केली, आणि आलेख घेऊन वर गेले. त्या शनिवारी नव्या तारा टाकायच्या म्हणून विभागच बंद होता, तेव्हा वाचन सोमवारवर गेलं.

सोमवारी बाई कामावर आल्या तर फाटकाशी एर्मिनिया भेटली. बाईंनी गाल पुढे केला. एर्मिनियाने केला नाही.

"माझ्या पोरीच्या साखरपुड्याचं तुम्हाला कळवलं, तर आमची अडचण सोडवण्यात आली आहे म्हणे," ती म्हणाली. "बरं झालं बाई. आता नाही आम्ही त्रास देणार."

बाईंना आधी काही कळेना. मग त्या खिडकीत जाऊन बंद केलेल्या तक्रारी उघडायला लागल्या. चहा केला नाही. गुरुवारच्या संध्याकाळची एक कासियानोची होती. देल्फिना, त्याची बायको, दोन पावसाळे आजारी होती. इस्पितळातून तो तडक प्रयोगशाळेत आला असणार, कारण खिडकी तोवर बंद झाली होती आणि बाईंना गाठायची हीच एक वाट उरली होती.

"कोमाद्रे, देल्फिना दुपारी गेली. आज आणि उद्या घरी जागरण आहे. शनिवारी सकाळी पुरायचं. तुम्ही आल्याशिवाय पेटी उचलणार नाही."

त्याखाली शुक्रवारी सकाळी गेलेलं उत्तर होतं. "तुमची अडचण सोडवण्यात आली आहे. आमची सेवा कशी वाटली ते एक ते पाच ताऱ्यांमध्ये जरूर कळवा."

बाईंनी पडद्यावर हात ठेवला, जणू तो झाकून काही उपयोग होणार होता. शनिवारी त्या माणसाने पेटी किती वेळ थांबवून ठेवली असेल, हा विचार त्यांना करवेना आणि सोडवेनाही. बंद तक्रारीला उत्तर लिहिता येत नव्हतं, पद्धतीत तशी सोय नव्हती. त्या भूगर्भशास्त्रात गेल्या तर दाराला कुलूप. कासियानो आठवडाभर रजेवर होता. घरी जायचा धीर त्यांना झाला नाही. ज्या घरात मयताला गेलो नाही तिथे नुसतं तोंड घेऊन कसं जायचं?

इतुर्रींना कळलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी कासियानोला स्वतःच्या सहीचं दुखवट्याचं पत्र पाठवलं आणि निरोपातलं वाक्य बदलायला सांगितलं. आता "तुमच्या तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे" असं जातं. बाईंना ते म्हणाले, "चूक माझी आहे, दोन्या लेओकादिया."

"आदेश तुमचा होता," बाई म्हणाल्या. "कोंपाद्रे माझा होता."

पुढच्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीनंतर त्या भूगर्भशास्त्रात गेल्या. प्रयोगशाळेच्या दाराला अर्धी फळी आहे, तिच्यापलीकडे कासियानो बसतो आणि विद्यार्थ्यांना जागा वाटून देतो. काळा सदरा घालून बसला होता. तोंड उतरलं होतं. बाई समोर उभ्या राहिल्या, तर त्याने मान वर केली नाही.

"तक्रार क्रमांक?"

"क्रमांक नाही माझ्याकडे."

"मग रांगेत थांबा. ज्यांना क्रमांक आहे त्यांचं आधी."

रांग नव्हती. बाई भिंतीला लागून उभ्या राहिल्या. विद्यार्थी येत होते, जात होते, कासियानो "पुढचा" म्हणायचा आणि बाईंच्या मागून आलेला पुढे जायचा. एका मुलीने खुर्ची आणून दिली. बाईंनी तिला आशीर्वाद दिला आणि उभ्याच राहिल्या. गुडघा ठणकत होता. तो ठणकावा असंच त्यांना वाटत होतं. खिडकीवर त्यांची वाट बघणारे क्रमांक त्या दिवशी तसेच राहिले.

उन्हं डोंगरावर चढली, शेवटचा मुलगा गेला. कासियानोने एकेका संगणकावर कापड घातलं, दिवे मालवले, एक ठेवला. मग फळीशी येऊन बसला.

"पुढचं कोण आहे?"

"मी आहे," बाई म्हणाल्या आणि पुढे झाल्या.

"काय अडचण आहे?"

बाईंनी वाक्य तयार करून आणलं होतं. ते त्यांनी टाकून दिलं. "मला कुणी कळवलं नाही असं सांगणार होते. पण तुम्ही कळवलं होतंत. मी न वाचता बंद केलं. बाकीच्यांबरोबर तुम्हालाही बंद करून टाकलं."

कासियानो बराच वेळ फळीवरचा टवका नखाने खरवडत राहिला.

"पाद्री घाई करत होता," तो म्हणाला. "मी म्हटलं, येईल कोमाद्रे, गुडघा दुखतो तिचा, चढण आहे. मग मेव्हणा म्हणाला, आता उचलूया."

फळीचा टवका निघून त्याच्या हातात आला.

"किती तारे द्यायचे ते मला समजेना. म्हणून ते राहिलंय."

"एकसुद्धा देऊ नका."

"शून्याची सोय नाहीये तिथं." त्याने किल्ल्या उचलल्या, परत खाली ठेवल्या. "रविवारी तिच्यासाठी प्रार्थना आहे. चर्चमधनं सगळे घरी येतील जेवायला. चुन्यो सोलायला कोणी नाही. देल्फिनाच बघायची ते."

"भिजत घातलाय का?"

"भिजत घालतात?"

"गोठवून सुकवलेला बटाटा तो, पाणी दोनदा बदलावं लागतं, नाहीतर कडू राहतो. सगळ्या माणसांना कडू वाढणार का तिच्या नावानं? मग मला शनिवारीच यायला हवं."

"या की. मी नको म्हटलंय का, कोमाद्रे?"

बाईंनी फळी दोन्ही हातांनी धरली आणि त्यांना रडू फुटलं. आवाज आवरेना. कासियानोने खिशातून रुमाल काढून फळीवर ठेवला आणि शेवटचा दिवा मालवला.

"शनिवारी रडा," तो म्हणाला. "आपण दोघं मिळून रडू. आत्ता मला कुलूप लावायचंय."