लग्नाच्या ब्लाउजची आतली बाजू

माझ्या लग्नाचा मुहूर्त माझ्या टापटिपीमुळे चुकला. आमच्या हिंगोली जिल्ह्यात लग्न उशिरा लागण्याचं कुणाला नवल नाही. पण तो उशीर नवरदेवाचे मित्र वरातीत नाचून करतात. नवरदेव वेळेवर मांडवात हजर आणि नवरीच खोलीत कोंडलेली, हे आमच्या भावकीत पहिल्यांदाच घडलं.

माझी आई कळमनुरीत घरीच ब्लाउज शिवते. तिचा ब्लाउज बाहेरून बघावा तर कसा चापूनचोपून बसलेला! आतून मात्र दोन्ही बगलांना दोन-दोन बोटं जास्तीचं कापड आणि शिलाईच्या तीन-तीन रेघा. अंग भरलं की एकेक रेघ उसवायची. मी हे लहानपणापासून पाहत आले होते आणि कधी त्याचा विचार केला नव्हता.

लग्न ठरलं त्याच महिन्यात शाळेने आम्हा शिक्षिकांना नांदेडला प्रशिक्षणाला पाठवलं. विषय होता रोजच्या कामात उत्कृष्टतेची सवय. टाय लावलेल्या सरांनी सांगितलं की, जी बाजू कुणाला दिसत नाही तीही सुबक असली पाहिजे. मी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. (नुसतं लिहून सोडून दिलं असतं तर लग्न वेळेवर लागलं असतं.)

घरी येऊन मी आधी स्वयंपाकघर सुबक केलं. सगळे डबे एका मापाचे, एका रांगेत. आई दोन दिवस मीठ शोधत होती. मग माझी नजर खुंटीवर टांगलेल्या, शालूवरच्या ब्लाउजवर गेली. मी तो उलटा केला आणि मला आईची लाजच वाटली. एवढा भारी शालू आणि आतून ही अवस्था! आई आठवडी बाजाराला गेली होती. मी कात्री घेतली, आतल्या पहिल्या रेघेच्या अगदी लगत सगळं जास्तीचं कापड कापून टाकलं, कडा हाताने शिवल्या, फोटो काढला आणि चिंध्या कचऱ्याच्या गाडीत टाकल्या. आतून असा देखणा ब्लाउज अख्ख्या तालुक्यात नसेल.

त्यानंतर केळवणं सुरू झाली. लग्न ठरलेल्या मुलीला नातेवाइकांनी घरी बोलावून जेवू घालायचं, आणि मुलीने नाही म्हणायचं नाही. गोरेगावच्या आत्याने तुपात बुडवून पुरणपोळ्या घातल्या. सिद्धेश्वरच्या मावशीने धरणातले ताजे मासे तळले आणि मी "बास" म्हटलं की तिचे डोळे भरून यायचे. तिच्या डोळ्यांत पाणी नको म्हणून मी खात राहिले. दीड महिन्यात अकरा केळवणं झाली. आईने ब्लाउज एकदा घालून बघ म्हणून तीनदा सांगितलं. पण एकदा अचूक झालेलं काम पुन्हा तपासायचं नसतं, असं माझं मत होतं. (हे सरांनी सांगितलं नव्हतं. ही माझी भर.)

लग्नाच्या दिवशी कार्यालयाच्या खोलीत मामीने हूक लावायला घेतले. खालचा लागला, मधला लागला म्हणता म्हणता निसटला, वरचे दोन तर एकमेकांची तोंडं बघायला तयार नाहीत. मामीने मला भिंतीला टेकवून जोर लावला. मी श्वास रोखला, पोट आत घेतलं, देवाचं नाव घेतलं. दोन बोटांची फट जशीच्या तशी. दाराबाहेर मला मांडवात न्यायला आलेले मामा येरझाऱ्या घालत होते.

"उसवते एक रेघ, काही घाबरू नको," म्हणत आईने ब्लाउज उलटा केला आणि ती थांबली.

"कापड कुठं गेलं गं?"

"मी... सुबक केलं."

नवरीच्या मुंडावळ्या बांधल्या नसत्या तर मी मार खाल्ला असता, याची मला आजही खात्री आहे. पण आईने पिशवीतून सुई-दोरा काढला आणि शालूचं कमरेत खोसायचं टोक वीतभर कापलं. शालूला कात्री लागली तशी मामी मटकन खालीच बसली. त्या तुकड्याच्या दोन पट्ट्या करून आई बगलांना जोडू लागली. मामांनी दार वाजवलं, भटजींचा निरोप आला, पुन्हा मामांनी दार वाजवलं. पट्ट्या जोडून झाल्या तरी आई आतून टाके घालतच होती.

"आई, राहू दे आतलं. कुणाला दिसतंय?"

"दिसत न्हाई माय," ती मान वर न करता म्हणाली, "पण जरीचे धागे टोचतेत. तुला दिवसभर उभं राहायचंय."

मला एकदम रडू कोसळलं. बायकांना टोचू नये म्हणून वर्षानुवर्षं, प्रत्येक ब्लाउजला, न चुकता हे टाके घालणारी बाई माझ्या घरात होती आणि मी उत्कृष्टता शिकायला नांदेडला गेले होते! मामीचा वेगळाच समज झाला. "पाठवणीचं रडणं आत्ताच काहून रडून राहिली?" म्हणत तिने माझं काजळ पुसलं.

मी पाऊण तास उशिरा मांडवात गेले. ब्लाउज अंगाला बसला होता आणि कुठेही टोचत नव्हता. त्या पट्ट्यांतही आईने आत कापड सोडून दोन रेघा जास्तीच्या घातल्या होत्या. सासरी काय पोरीला उपाशी ठेवणार हायेत का, असं ती मामीला सांगत होती.

सासरी मला कुणीही उपाशी ठेवलं नाही. चार वर्षांत मी दोन्ही रेघा उसवल्या. परवा चुलत नणंदेच्या लग्नासाठी तोच ब्लाउज काढला आणि आईला फोन लावला.

"आई, दीड इंच कमी पडतंय."

"श्वास रोखून मोजलं ना?" आई म्हणाली. "आता सोड, अन् परत मोज."

मी श्वास सोडला. दीडाचे चार झाले!

"आई," मी म्हटलं, "तू नवीनच शिव."