नोएलीनची काळी खिडकी

नोएलीनची दृष्टी गेली तेव्हा तिचं सचिवपदही जाणार, असं हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या आमच्या अल्व्हरस्टनच्या लॉन बोल्स क्लबात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. ती मात्र ढिम्म! मोठ्याने वाचून दाखवणारा कॉम्प्युटर तिने घेतला आणि मेलसाठी काळ्या खिडकीत चालणारा, निव्वळ अक्षरांचा एक प्रोग्रॅम धरला. चित्रं नाहीत, माउस नाही. बोटं आणि कान शाबूत असले की झालं.

अडचण एकच. वेबसाइटवरच्या मेलच्या पत्त्यावर एंटर दाबलं की कॉम्प्युटर आपला तो दुसराच, नटवा मेल प्रोग्रॅम उघडायचा आणि वाचणारा आवाज त्यातल्या जाहिरातींत भरकटायचा. यंदा त्या गोंधळात आमच्या एका संघाची स्पर्धेची प्रवेशिका पाठवायची राहूनच गेली. अध्यक्ष क्लाइव्हला आयतं कोलीत मिळालं.

"नोएलीन, माझ्या सुनेला दे हे काम. तू आता आराम कर."

"आराम मेल्यावर करीन. दुसऱ्या संघाची प्रवेशिका शुक्रवारच्या सभेत पाठवते, तुझ्यासमोर. नाही जमलं तर घे माझं पद."

मला धडकीच भरली. आठवडाभर मी तिच्याकडे बसून होते. मदतीला हात पुढे केला की त्यावर चापट. मेल म्हटलं की तो अक्षरांचाच प्रोग्रॅम उघडायचा, असं तिने कॉम्प्युटरला बजावलं. तो उघडे आणि पापणी लवायच्या आत गडप होई.

"सोड गं, भुताटकी आहे," मी म्हटलं.

"भुताटकी कसली! बिचाऱ्याला बसायला जागाच नाही. आधी काळी खिडकी उघड, मग ह्याला आत बसव, असं कॉम्प्युटरला सांगायला हवं. मी खिडकीच विसरले!"

शुक्रवारी सॉसेज रोल बाजूला सारून तिने सर्वांदेखत स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेच्या वेबसाइटवरच्या पत्त्यावर एंटर दाबलं. काळी खिडकी उघडली, पत्ता आपोआप भरला गेला, आवाजाने तो खणखणीत वाचला. तिने भराभर प्रवेशिका लिहिली आणि पाठवली.

"गेली. बोला आता."

क्लाइव्ह खाकरला. "नोएलीनच सचिव राहावी असं वाटणाऱ्यांनी हात वर करा."

झाडून सगळे हात वर गेले. ती कान टवकारून बसलेली. क्लाइव्हने मान खाजवली.

"हात खाली घ्या रे. तोंडाने सांगा, तिला कळू दे."

एकामागून एक "हो" येत गेले. सगळ्यात मोठा क्लाइव्हचा. मला तर रडूच फुटलं.

"नावं सांगा नीट," नोएलीन म्हणाली, "सभेचं इतिवृत्त मलाच लिहायचंय."