दादाच्या फोनला हात लावायचा नाही

वडगावात कोर्टाजवळ एका वकिलाच्या ऑफिसात मी टायपिंगचं काम करते. ऑफिस म्हणजे एक खोली, दोन टेबलं आणि पावसाळा लागला की कागद अडकवणारा एक प्रिंटर. आजूबाजूच्या गावांतून जी माणसं येतात त्यांना वकिलापेक्षा माझीच गरज जास्त असते. कुणाचा फोटो जड असतो म्हणून सरकारी वेबसाइट तो घेत नाही. कुणाची पीडीएफ उलटी स्कॅन झालेली असते. कुणी जुन्या फॉन्टमधला मजकूर पेनड्राइव्हवर घेऊन येतं आणि उघडून बघावं तर सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी. या सगळ्याला इंटरनेटवर फुकट सोयी आहेत. फोटो हलका करणारी वेबसाइट आहे, पीडीएफ जोडणारी आणि तोडणारी आहे, जुना फॉन्ट युनिकोडमध्ये आणून देणारी आहे. आमचे वकीलसाहेब कार्बन पेपरच्या गोष्टी सांगत होते तेव्हा मी बोलून मराठी टाइप करत होते, आणि याची मला चांगलीच घमेंड होती. आता कुणी विचारलं तर करून देते. पूर्वी न विचारता करायचे.

माझा मोठा भाऊ कान्ह्याजवळ आमच्या गावी राहायचा. थोडी भाताची खाचरं आणि कंपनीतली शिफ्ट, असं त्याचं चाललेलं असायचं. माझ्या या वेडाची तो मनसोक्त टिंगल करायचा. "फुकट म्हटलं की तू ल्हानपनापास्नं पळतीस," म्हणायचा. पण मोबाईल भरला की माझ्याकडेच यायचा. त्याचा मोबाईल कायम भरलेला, कारण त्याला मुलगी झाल्यापासून तो तिचं शूटिंग सोडून दुसरं काही करत नव्हता. ती रांगते, ती बैलाला भिते, ती चटणी चाखून तोंड वाकडं करते. प्रत्येक शूटिंगमध्ये ती पुढे आणि मागून याचा आवाज चालू. "हिकडं बघ गं. पप्पाकडं बघ. आता नाच बरं." स्वतः तो एकाही व्हिडिओत दिसत नसे. दिसणार कसा, मोबाईल त्याच्याच हातात.

एका रविवारी मी त्याचं सगळं मार्गी लावून दिलं. फोटो आणि व्हिडिओ आपोआप इंटरनेटवर चढतील आणि तिथे सुरक्षित राहतील अशी सोय केली. चढलेलं मोबाईलमधून काढून टाकायचं, म्हणजे जागा मोकळी. गावात एका मावशीला कुणीतरी फोनवरून फसवलं होतं, म्हणून त्याच्या या फोटोंच्या खात्याला दुहेरी कुलूपही लावलं: नवीन ठिकाणाहून उघडायचं तर पासवर्ड टाकायचा आणि वर त्याच्या नंबरवर ओटीपी येणार. पासवर्ड मला ठाऊक होता. माझ्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ते खातं एकदा उघडूनही दाखवलं, आणि 'हा कॉम्प्युटर ओळखीचा आहे' यावर टिचकी मारली. दादा मोकळा झालेला मोबाईल खालीवर करून बघत राहिला. "गेलं कुटं पन समदं?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, आहे, कुठेही जात नाही. तो हसला आणि लगेच परत शूटिंगला लागला.

त्यानंतर थोड्याच महिन्यांनी दादा गेला. ड्यूटीवरून आला, ओट्यावर टेकला, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत संपलं. पोरगी चार वर्षांची होती.

आमच्याकडे दहाव्याला नदीच्या घाटावर सगळं गाव लोटतं. प्रवचन होतं, माइक असतो, मोटारीतून पुढारी येतात आणि श्रद्धांजली वाहून पुढच्या दहाव्याला जातात. ते सगळं पार पडलं तरी दादाच्या पिंडाला कावळा शिवेना. कावळे समोरच्या झाडावर बसले होते, खाली बघत होते, पण उतरत नव्हते. अशा वेळी गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिलीय असं धरतात, आणि घरातलं एकेक माणूस पुढे होऊन शब्द देतं. चुलत्यांनी सांगितलं, पोरीला शिकवू. मी सांगितलं, वहिनीला एकटं पाडणार नाही. कंपनीतल्या मित्रानं काहीतरी सांगितलं. ऊन चढत गेलं, लोक चुळबुळ करायला लागले, वहिनीचा चेहरा पांढरा पडला.

मग आमचे मामा उठले. म्हातारा माणूस, धोतर सावरत पाण्यापर्यंत गेले. "मोबाईल रं," ते आम्हाला म्हणाले. "जेवतानाबी हातातनं सुटला न्हाई त्याच्या." आणि हात जोडून पिंडाकडे बघत म्हणाले, "बाबा, तुज्या मोबाईलला कुनी हात लावनार न्हाई. तुजा तुलाच."

कावळा उतरला. खरं सांगते, त्या क्षणी माझाही जीव भांड्यात पडला. कॉम्प्युटरवाली असले म्हणून काय झालं, भाऊ माझा होता. वहिनीनं घरी येऊन मोबाईल बंद केला, फडक्यात गुंडाळला आणि दादाच्या फोटोखाली फळीवर ठेवून दिला.

चार दिवसांनी मी मामांकडे विषय काढला. म्हटलं, मोबाईलला बोटसुद्धा लावत नाही, माझ्या कॉम्प्युटरवरून व्हिडिओ उतरवून घेते. मामा म्हणाले, "त्यातलं काढनं म्हंजी हात लावनंच की, लेकी. वरीस जाऊ दे. वर्सश्राद्ध झालं की सुटलं." मी वहिनीकडे वळले, तर ती म्हणाली, "थांबू, ताई. कावळा लय वेळ आला नव्हता." मी विषय सोडला. शिवाय मला घाई वाटली नाही. सगळं सुरक्षित होतं, पासवर्ड माझ्याकडे होता, मीच तर ते ठेवलं होतं.

वर्ष गेलं. गेलेल्या माणसाच्या मोबाईलमध्ये कुणी रिचार्ज मारत नाही, आमच्याकडेही कुणी मारला नाही. मध्येच ऑफिसचा जुना कॉम्प्युटर बंद पडला आणि वकीलसाहेबांनी नवा आणला. मी खूश झाले, कारण नवा भराभर चालत होता. त्याच वर्षी आजूबाजूच्या गावांत बचत गटाच्या बायकांना मी मोबाईल शिकवत फिरले. परंदवडीपर्यंत जाऊन आले. माझं एकच पालुपद असायचं: कुणीही फोन करू दे, कितीही रडू दे, ओटीपी सांगायचा नाही, फोन ठेवायचा आणि नंबर ब्लॉक करायचा. बायकांकडून ते मी घोकून घेत होते.

वर्षश्राद्धाच्या दिवशी जेवणं झाली आणि पाहुणे पांगले. भाची वहिनीच्या मांडीवर बसून फोटोकडे बघत होती. म्हणाली, "आई, पप्पांचा आवाज कसा होता?"

वहिनीनं आधी सांगायचा प्रयत्न केला. जाड होता, म्हणाली. मग स्वतःच आवाज जाड करून म्हणून दाखवलं, "हिकडं बघ गं, पप्पाकडं बघ." पोरगी खदखदून हसली. "असा? बायकांसारखा?" वहिनी हसली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ताई, आता सुटलं ना? आज काढा."

मामा तिथेच सुपारी कातरत होते. त्यांनी मान हलवली.

फडकं सोडलं तर मोबाईलची पाठ फुगलेली. चार्जिंगला लावला, बऱ्याच वेळानं चालू झाला आणि लॉकचे आकडे मागायला लागला. दादा बोट टेकवून उघडायचा, आकडे कुणालाच माहीत नव्हते. वहिनीनं लग्नाची तारीख टाकली, पोरीचा वाढदिवस टाकला, शेवटी मोबाईलनं तिलाच थांबायला सांगितलं. मी म्हटलं, राहू दे, त्यात नाहीच काही, सगळं वर आहे. लॅपटॉप मी बरोबर आणला होता. पासवर्ड टाकला, तो बरोबर निघाला, आणि मी वहिनीला म्हटलं, "बघ आता." स्क्रीनवर आलं की हा कॉम्प्युटर ओळखीचा नाही, तुमच्या नंबरवर कोड पाठवला आहे.

रिचार्ज नसल्यानं तो नंबर कधीच बंद पडला होता. दुसऱ्या मार्गानं प्रयत्न करा, असं खाली लिहिलेलं असतं. तो मार्ग म्हणजे दादाच्याच न उघडणाऱ्या मोबाईलवर 'हो, मीच आहे' दाबायचं.

पुढचे कितीतरी आठवडे मी व्हिडिओ ज्यांच्याकडे होते त्या इंटरनेटवाल्या कंपनीशी झगडले. गेलेल्या माणसाच्या खात्यासाठी अर्ज करायची सोय असते. मी मृत्यूचा दाखला जोडला, नातं दाखवणारे कागद इंग्रजीत करून जोडले, फाइल हलकी करून, पानं सरळ करून, माझं सगळं कसब पणाला लावून. उत्तर आलं. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, पण खातेदाराच्या खासगीपणाचा आदर राखून आम्ही काही देऊ शकत नाही. दहाव्याला माइकवर बोलून मोटारीत बसलेले पुढारी मला आठवले. मी परत लिहिलं, की यात खासगी काही नाही, एक लहान मुलगी चटणी खाते आहे. तेच उत्तर पुन्हा आलं. त्यांच्या नियमात असंही होतं की फार दिवस खातं उघडलं नाही तर आतलं सगळं पुसलं जातं. कुणाशी तरी बोलावं म्हणून मी नंबर शोधला, तर तिथे बोलायला माणूसच नव्हता.

राहता राहिला दादाचा नंबर. एका रविवारी मी वहिनीकडे गेले आणि म्हटलं, लावून तर बघू. मला वाटलं होतं, बंद लागेल. रिंग गेली. वहिनीनं पदर तोंडाला लावला. माझ्या मोबाईलवर 'दादा' असं नाव उजळलं होतं आणि पलीकडून एक माणूस म्हणाला, "हॅलो, कोण बोलतंय?"

बंद पडलेले नंबर दुसऱ्याला देतात हे मला माहीत होतं. ते मी लोकांना सांगतसुद्धा होते. तरी मी स्क्रीनवरचं नाव पुन्हा वाचलं. फोन स्पीकरवर होता, भाची खेळता खेळता उठून जवळ आली.

मी त्याला सगळं सांगितलं. हा नंबर माझ्या भावाचा होता, तो वारला, त्याच्या मुलीचे व्हिडिओ अडकलेत, आता मी इथे बटण दाबते, तुमच्या मोबाईलवर एक ओटीपी येईल, तेवढा वाचून दाखवा. तुमचं यात काही जाणार नाही. बोलता बोलता माझं मलाच ऐकू येत होतं. फसवणारी माणसं अगदी असंच बोलतात, असं मी परंदवडीत बायकांना सांगितलं होतं.

तो शांत माणूस होता. आवाज जाड, शब्द सावकाश. "ताई, तुमच्या घरी झालं ते वाईट झालं," तो म्हणाला. "पण असा ओटीपी कुणी देतं का? तुम्हीच सांगा."

वहिनीनं फोन हातात घेतला. "भाऊ, म्या हात जोडते," ती म्हणाली. "पोरीला बापाचा आवाज ऐकायचाय. दुसरं काय न्हाई." आणि ती रडायला लागली.

पलीकडे कुणीतरी काहीतरी विचारलं, त्याला तो 'थांब जरा' म्हणाला. मला वाटलं, विरघळला. मी लॅपटॉपवर बोट ठेवून बसले होते. मग तो तितक्याच शांतपणे म्हणाला, "ताई, माफ करा. परत फोन करू नका." आणि त्यानं फोन ठेवला.

मला त्याचा रागसुद्धा आला नाही. तो जे वागला त्यात काही चूक काढता येत नव्हती.

भाची आईच्या हातातल्या मोबाईलकडे बघत होती. तिथे अजून 'दादा' हे नाव दिसत होतं, आणि तिला एवढं वाचता यायला लागलं होतं. तिनं मला विचारलं, "आत्या, पप्पा असंच बोलायचे?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. पण मग कसं, हे सांगावं लागलं असतं. मी दादाचा आवाज आठवायला गेले, आणि मला आत्ताच ऐकलेला त्या माणसाचाच आवाज ऐकू यायला लागला. दादाची वाक्यं आठवत होती, चेष्टा आठवत होती, आवाज काही केल्या सापडेना. मी वहिनीकडे बघितलं. तिनं डोळे पुसले.

"व्हय," वहिनी म्हणाली. "असंच बोलायचे."

"मंग परत लाव ना," पोरगी म्हणाली.

मी लावला. व्यस्त लागला. थोड्या वेळानं लावला, तरी व्यस्तच. त्या माणसानं आम्हाला ब्लॉक केलं होतं. पोरगी अजून मी गेले की माझा मोबाईल मागते, 'दादा' शोधून काढते आणि कानाला लावून उभी राहते.