पाळण्याचा वाकडा खिळा

मी देवभोळा माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरी देवपूजा हिच्याकडे आणि शंका माझ्याकडे, अशी वाटणी लग्नापासूनच झालेली होती. जन्म जबलपुरात गेला, नर्मदेचं पाणी पिऊन लहानाचा मोठा झालो, पण घाटावर गेलो की माझं लक्ष नावेच्या फळ्या नीट ठोकल्या आहेत की नाही याकडे. ही म्हणायची, "तुम्ही नर्मदेतले गोटे आहात. जन्मभर पाण्यात, अन् आतून कोरडेच्या कोरडे." मी हसून सोडून द्यायचो. ती म्हणत होती ते खरं आहे हे मला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा थोडा अभिमानही होता.

आमचे वडील वर्ध्याकडून नोकरीसाठी इकडे आले आणि मग मीही इथल्याच एका फॅक्टरीत लागलो. काम तपासनिसाचं. लष्करासाठी तयार झालेला एकेक भाग हातात घ्यायचा, बोटाने चाचपायचा, हातोडीने हलकेच ठोकून आवाज ऐकायचा आणि पास किंवा नापास करायचा. बांगलादेशच्या लढाईचं ते साल. लढाई अजून पेटली नव्हती, पण फॅक्टरीत आम्हाला तिची चाहूल आधीच लागली होती. बारा-बारा तासांची पाळी, सुट्ट्या बंद. एक खराब भाग माझ्या हातून पास झाला तर तिकडे सीमेवर कुणाचा तरी पोरगा जाईल, एवढं एकच डोक्यात. त्यामुळे चूक शोधायची इतकी सवय जडली की घरी पोळीसुद्धा उजेडात धरून बघायचो. मंदा, आमची आठ वर्षांची मुलगी, आईला विचारायची, "आई, पोळी पास झाली काय?"

हिचा धाकटा भाऊ फौजेत होता आणि त्याच सुमारास त्याची तुकडी सीमेकडे हलली. हिने नर्मदेला चुनरी बोलली. आमच्याकडे ही रीत आहे. साड्या एकमेकींना जोडून लांबच लांब चुनरी करायची, नावेतून या काठापासून त्या काठापर्यंत न्यायची आणि मैयाच्या अंगावर घालायची. हिने आणि फॅक्टरीच्या क्वार्टरमधल्या बायांनी अकरा साड्या जोडल्या, दुहेरी टाके घालून. मी म्हणालो, "नदीला लुगडं कशाला? तिला काय थंडी वाजून राहिली काय?" हिने दातांनी दोरा तोडला आणि सुईत नवा ओवायला घेतला.

कार्तिकी पौर्णिमेला भेडाघाटला मेळा भरतो. नशिबाने त्या दिवशी मला सुट्टी मिळाली. आदल्या दिवशी मी स्कूटरचं मागचं चाक काढून बसलो होतो, ते काही वेळेत जोडून झालं नाही, म्हणून आम्ही बसनेच निघालो. मी, ही, मंदा, शेजारच्या चार बाया आणि मांडीवर चुनरीचं हे एवढं थोरलं गाठोडं. मेळ्यात पोचलो तर वाटेतच लाकडी पाळणा. हाताने फिरवायचा, चार खोक्यांचा, दोन माळ्यांइतका उंच. मंदाचे पाय तिथेच रुतले.

"आधी मैया, मग पाळणा," ही म्हणाली.

"आधी पाळणा. चुनरी काही पळून जात नाही," मी म्हणालो. खरं म्हणजे घाटावर तासभर उभं राहायचं माझ्या जिवावर आलं होतं. हिचा चेहरा उतरला. नवस फेडायच्या आधी मौजमजा करू नये, ही तिच्या माहेरची शिकवण. पण माझ्याशी वाद घालून कुणाचं भलं झालंय? ती गाठोड्यावर हात ठेवून बायांबरोबर जरा लांब उभी राहिली.

पाळण्याचा मालक हल्के नावाचा पन्नाशीचा माणूस होता. काळा, काटक, डोक्याला पंचा. मी सवयीप्रमाणे पाळणा तपासायला लागलो. प्रत्येक खोकं एका लोखंडी सळईवर टांगलेलं होतं, आणि सळई बाजूला सरकू नये म्हणून तिच्या टोकाच्या भोकात काय असावं? खिळा. दोन्हीकडून ठोकून वाकवलेला साधा जाड खिळा. माझं डोकंच फिरलं.

"भैया, ये क्या जुगाड़ है? यहाँ पिन लगती है, पिन."

तो नम्रपणे म्हणाला, "बाबूजी, हमारे बाप के जमाने से ऐसई लग रही है. रोज सबेरे नई कील ठोकते हैं, मैया का नाम लेके."

मैयाचं नाव ऐकल्यावर तर मला आणखीच चेव आला. चार लोकांसमोर मी त्याला यंत्रशास्त्र शिकवलं. फॅक्टरीत असा माल आला तर भंगारात फेकतो म्हणालो. मग पक्कड मागवली आणि आम्ही बसणार होतो त्या खोक्याचा खिळा उपसून काढला. स्कूटरच्या चाकातून निघालेली स्प्लिट पिन, म्हणजे भोकात घालून दोन पाय वाकवायचे तसली, कालपासून माझ्या खिशातच होती. ती भोकात घातली, पाय फाकवले आणि म्हणालो, "इसको कहते हैं काम." हल्केने एकदा पिनेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. सरकारी माणूस समजून तो गप्प बसला असावा. वाकडा खिळा मी त्याच्या हातात दिला.

या धंद्यातला माणूस हे वाचत असेल तर त्याने एव्हाना कपाळावर हात मारला असेल. एकदा वापरून काढलेली स्प्लिट पिन पुन्हा लावायची नसते. वाकवून सरळ केली की ती आतून मरते. फॅक्टरीत या एका गोष्टीवरून मी किती जणांना झापलं होतं. हल्के अडाणी, पण रोज नवा खिळा ठोकत होता. मी शहाणा, आणि मी मेलेली पिन लावली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगाच नाही.

पहिले दोन फेरे मजेत गेले. वरून नर्मदा दिसत होती, दोन्ही बाजूंना पांढरे खडक. मंदा खिदळत होती. तिसऱ्या फेऱ्याला आम्ही वर आलो आणि 'टक्' असा आवाज झाला. जन्म आवाज ऐकण्यात गेलेला, मला कुणी सांगावं लागलं नाही. पिन तुटली होती. सळई एका बाजूने निसटली, खोकं कललं आणि मंदा घसरून बाहेर गेली. मी डाव्या हाताने तिचं मनगट पकडलं. उजवा हात सळईवर गेला आणि सळई अन् लाकूड यांच्यात सापडला. हाडं मोडल्याचं मला कळलं, पण दुखलं नाही. दुखायला तेव्हा सवड नव्हती.

हल्केने ओरडून फिरवणाऱ्यांना चाक जागच्या जागी धरायला लावलं. ते फिरवून आम्हाला खाली आणायची सोय नव्हती. जरा फिरलं असतं तर सळई दुसऱ्या बाजूनेही सुटली असती. मंदा हवेत लोंबत होती आणि तिच्या वजनाने खोकं आणखी कलत होतं. खाली काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. फक्त हल्केचा आवाज येत होता, चुनरी चार पदरी करून धरा म्हणून. "चुनरी खोलो! चार तह करो, कस के पकड़ो सब जने!" मग तो मला म्हणाला, "बाबूजी, अब मोड़ी को छोड़ दो. हम हैं नीचे."

सोडून दे म्हणे. पोटची पोर. मी आयुष्यात काहीही न तपासता सोडलेलं नाही. खालचं कापड कोणतं, टाके कसे, धरणारे हात किती, मला काहीच दिसत नव्हतं. ज्या माणसाला मी आताच चारचौघांत मूर्ख ठरवलं होतं त्याच्या शब्दावर तिला सोडायचं. मी सोडेना. मूठ उघडतच नव्हती. हल्के पुन्हा ओरडला, आणि तेवढ्यात मंदाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रडत नव्हती. अगदी हळू म्हणाली, "बाबा, सोडा ना. खाली आई आहे."

मी डोळे मिटले. माझ्या तोंडून "नर्मदे हर" निघालं. का निघालं ते मला आजही सांगता येणार नाही. बोटं आपोआप ढिली झाली आणि मी तिला सोडलं.

खालून हिचा आवाज आला, "आहे, आहे, धरली." माझा जीव भांड्यात पडला आणि त्यानंतर मात्र हात असा काही दुखायला लागला की विचारू नका. माझ्यासाठी हल्के स्वतः चाकाच्या आऱ्यांवरून चढून वर आला. सळई खांद्याने उचलून त्याने माझा हात मोकळा केला आणि मला पाठीवर घेऊन उतरला. मंदाची हनुवटी फुटली होती आणि मनगट मुरगळलं होतं, बस. चुनरीचा एक टाका उसवला होता, दुसरा टिकला.

मी जमिनीवर बसून मंदाला कुशीत घेतो न घेतो तोच गोंधळ उठला. लोकांनी हल्केला घेरलं होतं. "पाळणा मोडका, पोरगी मारत होता," म्हणून दोघा-तिघांनी त्याला हाणलंही. हवालदार आला. हल्के हात जोडून उभा होता. वाकडा खिळा त्याच्या मुठीत होता. नुसता दाखवला असता तरी सुटला असता. त्याने दाखवला नाही.

मला पिन लावताना पाहणारे केव्हाच पांगले होते, मी गप्प राहिलो असतो तर कुणाला कळलं नसतं. हिलासुद्धा नाही. ती बायांबरोबर लांब उभी होती, खिळ्याचा प्रकार तिने पाहिला नव्हता. माझी सगळी इभ्रत माल चाचपणाऱ्या दोन बोटांच्या जोरावर होती, आणि आता बोटंही मोडली होती. पण मांडीवर मंदा होती, तिच्या हनुवटीला चुनरीचं टोक दाबून धरलेलं होतं. मी उठलो आणि म्हणालो, "इनको छोड़िए. कील मैंने निकाली थी. खराब पिन मैंने लगाई. गलती मेरी है."

हिने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. तिच्यात राग होता, पण वीस वर्षांनी भेटलेल्या माणसाला बघावं तसं काहीतरीही होतं. हल्के हवालदाराला म्हणाला, "बाबूजी ने तो अच्छे के लिए ही किया था, साहब." मार खाल्लेला माणूस माझीच बाजू घेत होता. मी त्याच्या पायाशी वाकायला गेलो तर त्याने मला खांद्याला धरून उठवलं.

मेळ्यातल्या कंपाउंडरने हात बांधून दिला. परत निघायचं तर चुनरी राहिली होती. ती उसवलेली, मातीत मळलेली, एका टोकाला मंदाचं रक्त. शेजारच्या बाया कुजबुजल्या, अशी चुनरी चालते काय, विटाळली ना ती. मीही म्हणालो की पुढच्या साली नवी करू. ही गाठोडं उचलत म्हणाली, "काहून? लेकराचं रक्त लागलं म्हणून माय लुगडं टाकून देते काय?" आम्ही नावेत बसलो. हल्केही आला. चुनरीचं शेवटचं टोक हिने माझ्या डाव्या हातात दिलं. आधी पाळणा असा हट्ट मी धरला नसता, हिच्या म्हणण्याप्रमाणे आधी नवस फेडला असता, तर ही चुनरी तेव्हा नदीत असती. माझी चूकसुद्धा मैयाने वाया जाऊ दिली नाही, असं मनात आलं. मी नावेत ढसाढसा रडलो. हिने पदराने माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, "ओला झाला बाई माझा गोटा."

पुढे लढाई पेटली तेव्हा माझा हात प्लास्टरमध्ये होता. बाकीचे राबत असताना घरी बसायची लाज वाटायची. कामावर परतलो तेव्हा उजव्या हाताचं पहिलं बोट वाकेनासं झालं होतं, ते आजही तसंच आहे. मी डाव्या हाताने चाचपायला शिकलो. आणि एखादी गोष्ट वेडीवाकडी दिसली की उपसण्याआधी विचारायला लागलो, "भैया, हे असं काहून?" हिचा भाऊ सुखरूप परतला. ज्यांचे परतले नाहीत त्यांच्या बहिणींनीही चुनरी बोललीच असेल, म्हणून त्यावर मी काही बोलत नाही. दर कार्तिकी पौर्णिमेला मात्र आम्ही आधी घाटावर जातो आणि मग हल्केकडे. तो होता तोवर चहा त्याच्याकडेच व्हायचा.

मंदाचं लग्न झालं, तिला पोचवायला सगळी मंडळी स्टेशनवर आली होती. गाडीने शिट्टी दिली तरी मी खिडकीतून तिचा हात धरून उभा होतो. डावा हात, तेच मनगट. मूठ पुन्हा उघडेना. तिने माझ्याकडे पाहिलं, हनुवटीवरचा तो व्रण हलला आणि ती हळूच म्हणाली, "बाबा, सोडा ना."

मी "नर्मदे हर" म्हणालो आणि सोडला. या वेळी डोळे मिटावे लागले नाहीत.