चार नंबरची खिडकी कुठे आहे?

आमच्या कचेरीत समोरच्या व्हरांड्यात एक, दोन आणि तीन अशा तीन खिडक्या होत्या. चौथी इमारतीच्या मागे, पाण्याच्या टाकीला लागून. ती तिथे का, असं मी अठ्ठ्याण्णव साली लिपिक म्हणून लागलो तेव्हा विचारलं होतं. कोणालाच ठाऊक नव्हतं. कुठल्याही खिडकीवर कामाची पाटी नव्हती. नुसता आकडा, आणि तोही दर दोन वर्षांनी मारलेल्या चुन्याखाली अर्धा बुजलेला. रत्नागिरीतल्या या सरकारी कचेरीचं नाव मी सांगत नाही, कारण सांगून आता काही उपयोग नाही.

बाहेरगावचा माणूस पायऱ्या चढून आला की आधी उजवीकडे बघायचा, मग डावीकडे आणि शेवटी स्टुलावर बसलेल्या शिपायाकडे. हा शिपाई म्हणजे लवू गोताड. हातखंब्याच्या अलीकडच्या एका वाडीतला, पन्नाशी ओलांडलेला, किडकिडीत माणूस. मी आलो तेव्हा त्याची तिथे बावीस वर्षं झाली होती.

"चार नंबर कुठं?"

"मागं. टाकीकडून वळा."

"फॉर्म?"

"दोन नंबर. पण जेवणाच्या सुट्टीनंतर."

"सुट्टीनंतर का?"

लवू पुढच्या माणसाकडे वळे. असे नियम आम्हालाही आयतेच मिळालेले होते. पूर्वीच्या कोणत्या तरी साहेबांनी बुधवारी अर्ज घेणं बंद केलं होतं. साहेब बदलून गेले, बुधवार तसाच राहिला. नियम बदलला की तो आत, टेबलावरच्या फायलीत लागायचा. लवूला तो कळायचा तो परत आलेल्या माणसाच्या शिव्यांतून. "तुम्हीच तर सांगितलंत!" असं कोणी अंगावर आलं की लवू मान खाली घालून ऐकून घेई आणि पुढच्या माणसाला नवीन नियम सांगायला लागे. पाटीचा विषय मी एकदा मोठ्या भाऊसाहेबांकडे, म्हणजे आमच्या हेडक्लार्ककडे, काढला होता. ते म्हणाले, "इमारतीचं काम आपल्याकडे नाही. भिंतीला खिळा मारायचा तरी परवानगी लागते." मग मीही तो विषय सोडला.

दोन हजार एकच्या जुलैत सदू मांडवकर नावाचा लांज्याच्या बाजूचा शेतकरी आपल्या मुलीला घेऊन आला. मुलीचं नाव ज्ञानेश्वरी. बारावीला चांगले मार्क पडले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता दापोलीला शेतीच्या पदवीच्या प्रवेशासाठी हजर राहायचं होतं. जातीच्या दाखल्यावर आमच्या कचेरीचा शिक्का राहिला होता. पहिल्या गाडीने निघून दोघं सव्वादहालाच पोचली. पावसाने दोघांच्या पिशव्या भिजल्या होत्या, पण कागद तिने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपड्यांच्या मधोमध ठेवले होते.

"शिक्क्याचं काम कनच्या खिडकीत?" सदूने लवूला विचारलं.

"तीन नंबर. पण बारा वाजता घेतात. बसा तवर."

दोघं बाकावर बसली. बारा वाजता रांगेत सगळ्यांच्या आधी उभी राहिली. तीन नंबरच्या खिडकीत मी होतो.

"टोकन?" मी विचारलं.

"कसलं टोकन?" ज्ञानेश्वरी म्हणाली.

त्या दिवशी सोमवार होता आणि त्याच दिवसापासून नवीन साहेबांनी टोकन सुरू केलं होतं. दहा ते अकरा, चार नंबरच्या खिडकीत. टोकन असेल त्याचाच कागद त्या दिवशी घ्यायचा. नोटीस निघाली होती, पण ती माझ्या टेबलाच्या काचेखाली होती. बाहेर लावायची तर बोर्ड नव्हता, आणि लवूला सांगावं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. हे मी आज लिहितोय तितक्या साधेपणाने तेव्हा कबूल केलं नव्हतं. तेव्हा मी म्हणालो, "टोकनशिवाय होणार नाही. उद्या या."

"उद्या दापोलीला जायचं आहे, सर," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. ती रडतही नव्हती. ती फक्त तिथून हलत नव्हती, आणि मागची रांग तिला ढकलत होती.

लवूने हे ऐकलं. तो उठला आणि सरळ साहेबांच्या खोलीत गेला. चोवीस-पंचवीस वर्षांच्या नोकरीत तो बोलावल्याशिवाय त्या खोलीत पहिल्यांदाच गेला असावा. मीही मागोमाग गेलो.

"साहेब, चूक माझी हाय," तो म्हणाला. "मी त्यांना बारा वाजता सांगितलं. ते सव्वादहाला आले होते. तेवढा एक कागद घ्या."

साहेबांनी वर बघितलं. "एकाला घेतला की पन्नास येतील. नियम सगळ्यांना सारखा."

"पण नियम कोणाला म्हायती नाय, साहेब."

"ते बघणं तुझं काम आहे का?"

मी बोलायला हवं होतं. नोटीस माझ्या टेबलावर पडून होती एवढंच सांगायचं होतं. मी खिडकीत परत जाऊन पुढचं टोकन घेतलं.

दुसऱ्या दिवशी लवूनेच दहाच्या ठोक्याला त्यांना पहिलं टोकन काढून दिलं. बापलेक आदल्या रात्री स्टँडवरच राहिली होती. बाराला शिक्का बसला. त्यांना दापोलीची गाडी मिळाली, ती घाटवळणं घेत संध्याकाळी पोचली. तोवर यादी पूर्ण झाली होती. हे आम्हाला लगेच कळलं नाही. लवूलाच चैन पडेना, म्हणून महिन्याभराने एका रविवारी तो विचारत विचारत त्यांच्या गावी गेला.

सदू शेताच्या बांधावर होता. त्याने लवूला ओळखलं आणि घरी नेऊन ताक दिलं. ज्ञानेश्वरी मुंबईला मामाकडे गेली होती, शिवणाच्या कारखान्यात.

"तुमची काय चूक?" सदू म्हणाला. "आमीच नीट इचारायला हवा होता."

"तुम्ही विचारलंतच की," लवू म्हणाला. "मलाच विचारलंत."

हे संभाषण लवूने मला सोमवारी सांगितलं. सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता. काचेखालच्या नोटिशीबद्दल मी त्याला तेव्हा सांगितलं. तो म्हणाला, "असू दे भाऊसाहेब. तुम्हाला तरी कोण सांगतं."

गणपतीनंतर त्याने एका शाळेने मोडीत काढलेला फळा आणला. लाकडी चौकट एका बाजूला उसवलेली होती, ती त्याने तारेने बांधली. कचेरीच्या भिंतीवर लावायची सोय नव्हती, म्हणून फाटकाबाहेर कमळाबाईंची चहाची टपरी होती, तिथे टेकवून ठेवला. कमळाबाईंनी आधी तोंड वाकडं केलं. "माझं गिऱ्हाईक कुठं उभं राहील?" असं म्हणाल्या, पण दुसऱ्याच दिवशी फळ्यावर पाणी पडू नये म्हणून त्यांनीच ताडपत्री पुढे ओढली.

रोज सकाळी साडेनऊला लवू चारही खिडक्यांपाशी जाई. "आज काय बदल?" एवढंच विचारी. मग खडूने लिही. कोणत्या खिडकीत काय, किती वाजेपर्यंत, फोटो किती, सोबत कोणते कागद. चार नंबरसाठी बाण काढून 'टाकीकडून मागे' असंही लिहिलं होतं. अक्षर वेडंवाकडं होतं, पण वाचता येत होतं. पहिल्या आठवड्यात आमच्यातले काही जण हसले. पुढे पुढे तेही चहाला गेले की फळा वाचून येत, कारण दुसऱ्या खिडकीत काय चाललंय हे त्यांनाही धड माहीत नसायचं.

दिवाळीच्या सुमारास लवूला मेमो मिळाला. कार्यालयाची माहिती परवानगीशिवाय बाहेर प्रसिद्ध केल्याबद्दल सात दिवसांत खुलासा करावा. तो कागद घेऊन माझ्या खिडकीशी आला.

"याला काय लिहायचं?"

या वेळी मी लिहिलं. तीन पानी खुलासा लिहिला. त्यात नोटिशीची गोष्ट लिहिली, माझ्या नावासकट. सदूचा अर्ज आणि शिक्क्याची तारीख लिहिली. लवूने खाली सही केली, मीही केली. माझी एक पगारवाढ थांबली. लवूला लेखी समज मिळाली. फळा काढायला मात्र कोणी आलं नाही, कारण टपरीची जागा कचेरीच्या हद्दीत नव्हती.

दोन हजार तीनमध्ये सदू पुन्हा आला, बरोबर धाकटी मुलगी होती, मैना. तिचंही कसलं तरी प्रमाणपत्र होतं. मी चहाला बाहेर उभा होतो. मैना फळ्यासमोर थांबून बापाला एकेक ओळ वाचून दाखवत होती. मग दोघं टाकीकडून मागे गेली आणि बाराच्या आत काम आटपून बाहेर पडली. लवू स्टुलावर होता. त्याने त्यांना येताना आणि जाताना पाहिलं, पण पुढे होऊन ओळख दिली नाही.

"बोलला का नाहीस?" मी नंतर विचारलं.

"काय बोलायचं? थोरलीचं विचारावं लागलं असतं." तो डोळे चोळत म्हणाला. "काम झालं ना त्यांचं. बास."

लवू दोन हजार पाचच्या मार्चमध्ये निवृत्त झाला. निरोपाच्या दिवशी शाल, नारळ, गुलाबाचा हार असं सगळं झालं. तेव्हाच्या साहेबांनी फळ्याचंही कौतुक केलं. बहुधा तो कचेरीचाच आहे अशी त्यांची समजूत होती. मग लवूला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो उभा राहिला, सगळ्यांकडे बघितलं.

"मी लय बोललोय इथं," तो म्हणाला. "आता नको." आणि खाली बसला. सगळे हसले. त्याला हसू आलं नव्हतं.

त्यानंतर वर्षभर फळा मी लिहिला. काही दिवस चुकले, कधी खडू संपला, कधी कंटाळा आला. मग माझी बदली चिपळूणला झाली. जाताना मी नवीन शिपायाला सगळं समजावून सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण साहेब, याची ऑर्डर आहे का?"