छोट्या गंजातला रस्सा

दिगांबर गेल्याची खबर मला फोननं नाही, शटरांच्या आवाजानं कळली. सकाळची वेळ. मी ओट्यावर पेपर घेऊन बसलो होतो. नागपूरच्या लकडगंजातल्या आमच्या गल्लीत त्या वेळी दुकानं जेमतेम उघडून झाडलोट चाललेली असते, आणि त्या दिवशी एकामागून एक शटरं खाली यायला लागली. मला वाटलं, झाला कोणत्या तरी पक्षाचा बंद, आता दूधही मिळणार नाही. समोरच्या किराणावाल्याला ओरडून विचारलं, "काहून बंद करून राहिले गा? आज कोणाचा मोर्चा आहे?" तो कुलूप हातात धरून तसाच उभा राहिला. "दिगांबरभाऊ गेले ना, बाबारावजी... झोपेतच गेले. तुम्हालेच सांगाले येऊन राहिलो होतो." मी गांधीबागेत कापड फाडण्यात उभा जन्म घालवला. व्यापारी मेला की बाजार बंद होतो हे पुष्कळदा पाहिलं. पण गिऱ्हाईक मेलं म्हणून गल्ली बंद झालेली मी पहिल्यांदाच पाहिली.

आता महिना उलटून गेला. त्याच्याबद्दल लिही म्हणून सगळे मागे लागले आहेत. लिहितो. पण गेलेला माणूस देवमाणूस होता वगैरे माझ्याकडून व्हायचं नाही. दिगांबर देवमाणूस नव्हता. डोक्याला ताप होता.

तो वीज खात्यात मीटर वाचायचा. त्यामुळं गल्लीतल्या प्रत्येक दुकानाची मागची बाजू त्याला ठाऊक होती. कोणाच्या माळ्यावर काय पडलं आहे, कोणाची म्हातारी आतल्या खाटेवर खोकते आहे, सगळं. रिटायर झाल्यावर मीटर सुटले, दुकानं काही सुटली नाहीत. त्याचा नियम एकच होता. जी वस्तू गल्लीत भेटते ती गल्लीतच घ्यायची, आणि जी भेटत नाही तिची माणसाला गरज नाही. "आपणच नाही घेतलं तं ते कोणाच्या भरवशावर शटर उघडतीन, सांग मले," असं तो विचारायचा. एकदा कोपऱ्यावरच्या जोडेवाल्याकडं त्याच्या मापाचा जोडा नव्हता. तर हा पठ्ठ्या लहान मापाचा घेऊन आला आणि पावसाळाभर लंगडला. मी म्हटलं, अबे, बर्डीच्या बाजारात जा ना, मापाचा घे. तर म्हणतो, "जोडा होते गा सैल हळूहळू. माणूस तुटला का तुटला." जोडा शेवटपर्यंत सैल झाला नाही, ही गोष्ट वेगळी. गल्लीतल्या मिस्त्रीनं बनवलेला त्याचा कूलर तर वाऱ्यापेक्षा पाणीच जास्त फेकायचा. एकदा दुपारचा मी त्याच्याकडं लवंडलो आणि भिजून उठलो. कपडे पिळत मी शिव्या देत होतो, आणि हा म्हणतो कसा, "नागपुरात, भर मे महिन्यात, घरात पाऊस! कोणत्या कंपनीले जमते का हे?"

बरं, दुकानदारांशी गोड बोलायचा म्हणाल तर तेही नाही. मिठाईवाल्याच्या दारात उभा राहून चार लोकांसमोर विचारायचा, "ही संत्राबर्फी आहे का साबण?" आणि तोंड वाकडं करून लगेच म्हणायचा, "अर्धा किलो दे." भांडायचा हक्क त्याचा एकट्याचा होता. दुसऱ्या कोणी नाव ठेवलं तर त्याच्या अंगावर धावून जायचा. पुण्यात नोकरीला असलेल्या त्याच्या पोरानं आईसाठी ऑनलाइन मिक्सर मागवून पाठवला, तेव्हा दिगांबरची जी तारांबळ उडाली ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. कारण घराच्या बरोब्बर समोर मिक्सर-पंख्याचं दुकान. पार्सलवाल्या पोराला यानं हात जोडून मागच्या बोळातून आत घेतलं, खोका फाडून गव्हाच्या पोत्यात कोंबला, आणि त्या मिक्सरवर चटणी वाटायची तर आधी समोरचा दुकानदार जेवायला गेला का ते खिडकीतून बघायचं, असं कुसुमवहिनींना बजावलं. वहिनी कपाळावर हात मारून म्हणाल्या, "मिक्सर आणला का दारू पाडून राहिलो वं माय आपण?"

पण या सगळ्यांत त्याचा खरा जीव होता तो नत्थूजींच्या सावजी भोजनालयात. गल्लीच्या तोंडाशी चार बाकांची जागा, भिंती धुरानं काळ्या, आत भट्टीवर मटणाचा भला मोठा गंज. गंज म्हणजे आमच्याकडचं उभं पातेलं. दर रविवारी दुपारी दिगांबर आणि मी तिथं. नत्थूजींचा रस्सा म्हणजे पहिल्या घासाला कान गरम, दुसऱ्याला नाक सुरू, आणि तिसऱ्याला माणूस गळ्यातल्या दुपट्ट्यानं डोळे पुसत म्हणणार, "अजून वाढा." दिगांबर घाम पुसायचा, हुश्श करायचा आणि दर रविवारी तेच वाक्य टाकायचा, "याले म्हणते जेवण." मग एका उन्हाळ्यात त्याचं पोट बिघडलं. अल्सर निघाला. डॉक्टरांनी सावजी बंद म्हणून सांगितलं. यानं त्यांच्यासमोर मान डोलावली आणि रविवारी बरोब्बर एक वाजता मला हाक मारायला आला. मी म्हटलं, मरशील. तर म्हणाला, "न खाता जगून करू काय? अन् मी नाही गेलो तं नत्थूले काय वाटेल?"

त्याच आठवड्यात कुसुमवहिनी पदर खोचून नत्थूजींच्या दारात गेल्या होत्या, हे मला नंतर कळलं. त्यांनी सांगितलं ते असं. "त्यायले येऊ नका म्हणाल तं ते घरी बसून झुरतीन, अन् माहं डोकं खातीन. येऊ द्या. पण त्यायचं वेगळं करा." तेव्हापासून नत्थूजींच्या भट्टीवर मोठ्या गंजाशेजारी एक छोटा गंज चढायला लागला. त्यात भिवापुरी मिरची नाही, गरम मसाला नावापुरता, आणि वर तर्री लाल दिसावी म्हणून नुसत्या रंगाची मिरची. दिसायला जहाल, चवीला पथ्याचं वरण. मलाही वहिनींनी दम भरला, "बाबारावभाऊजी, तोंड उघडलं तं घरात पाय ठेवू देणार नाही." मी तोंड शिवून घेतलं. कारण गोष्ट सरळ होती. दिगांबरला कळलं असतं की आपल्यासाठी नत्थू आजाऱ्याचं रांधतो, तर त्या मानी माणसानं त्या दारात पुन्हा पाऊल टाकलं नसतं, आणि त्याचा रविवारच संपला असता.

नेमकं त्याच सुमाराला मोठ्या रस्त्यावर काचेचं एक हॉटेल उघडलं. थंडगार हवा, दारात सलाम ठोकणारा दरवान, आणि रस्सा फुलझाड लावावं तशा कुंडीत. नत्थूजींचं गिऱ्हाईक तिकडं सरकलं. चारपैकी दोन बाकं रिकामी राहायला लागली. आता दिगांबरच्या बाजूनं पाहा. ताटात फिक्कं, समोर रिकामी बाकं. त्यानं दोन्हीचा मेळ घातला आणि एका रविवारी बाहेर पडल्यावर मला बाजूला ओढून, डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "बाबाराव, नत्थूचा हात गेला गा. रस्स्यात दम नाही राहिला. म्हणूनच लोक तुटून राहिले. पण आपण सोडाचं नाही त्याले. आता तं अजिबात नाही." भरल्या पोटी माझे कान तापलेले होते, नाक वाहत होतं, आणि समोर हा म्हणतो दम नाही.

मग त्यानं जे सुरू केलं त्याला मोहीमच म्हणावं लागेल. सकाळी बागेत फिरायला येणारे म्हातारे, भजनाची मंडळी, खात्यातले जुने साथीदार, जो दिसेल त्याला पकडून रविवारी नत्थूजींकडं. आधी प्रत्येकाला कानात सांगायचा, "रस्सा फिका आहे, पण तोंडावर बोलू नोका. बिचारा मेहनत करून राहिला." ते बिचारे फिकं समजून मोठा घास घ्यायचे, आणि मग जे व्हायचं ते व्हायचं. भजनाचे बुवा पाण्याचा जग तोंडाला लावून उभे राहिले. खाऊन झाल्यावर नागपूरकर खूश होऊन म्हणायचे, "गजब आहे भाऊ, काय चीज आहे!" तर हा मला कोपर मारायचा, "पाह्य, किती चांगले लोक आहेत. नत्थूचं मन राखून राहिले." पुण्याहून व्याही आले, त्यांनाही सोडलं नाही. व्याह्यांनी एक घास खाल्ला आणि त्यांचा चेहरा तर्रीच्या रंगाचा झाला. चष्मा काढून ते हुंदके द्यायला लागले. विहीणबाईंनी साखर मागितली, ती त्यांच्या जिभेवर ठेवली, वारा घातला. दिगांबरनं शांतपणे आपली भाकरी रस्स्यात बुडवली आणि मला हळूच म्हणाला, "एवढ्या फिक्याले रडून राहिले गा हे पुण्याचे लोक. खरा रस्सा खाल्ला असता तं?"

हसू नका. चार-सहा महिन्यांत चारही बाकं भरली. आलेला माणूस पुन्हा येत होता, येताना दुसऱ्याला आणत होता, आणि बाहेर ओट्यावर लोक नंबर लावून उभे राहायला लागले. मला नत्थूजी एकदा भट्टीजवळ बोलावून म्हणाले, "बाबारावजी, माहा रस्सा कधी बिघडला नव्हता. धंदा बिघडला होता. मी तं शटर विकाले काढलं होतं. भाऊनं गैरसमजात माहं घर वाचवलं... अन् मी त्यायलेच फसवून राहिलो." त्यांनी खांद्यावरच्या फडक्यात तोंड खुपसलं.

आणि मग तो रविवार आला. गर्दी मरणाची. नत्थूजी भट्टीवर, वाढायला त्यांची सून. तिनं घाईत वाट्या बदलल्या. मी पहिला घास घेतला, तर तोंडात पथ्याचं वरण. वर पाहतो तर दिगांबरनं अर्धी वाटी ओरपलेली. त्याचे कान लाल, नाक सुरू, कपाळावरून घामाच्या धारा, आणि चेहऱ्यावर असा आनंद की मुलगा झाला तेव्हाही मी पाहिला नव्हता. तो ताडकन उठला, उष्ट्या हातानंच भट्टीकडं धावला आणि नत्थूजींना मिठी मारली. "आला! आला गा तुहा हात वापस! म्हटलं होतं ना मी, येईन म्हणून!" सगळं भोजनालय टाळ्या वाजवायला लागलं. कशासाठी वाजवतो आहे ते कोणालाच माहीत नव्हतं. नत्थूजी एकटे पांढरेफटक पडले होते.

संध्याकाळी पोट धरून दिगांबर दवाखान्यात. बातमी कळताच नत्थूजी भट्टी तशीच टाकून धावत आले आणि खाटेच्या पायथ्याशी उभे राहून रडायला लागले, "माह्या हातून झालं..." वहिनींनी त्यांना डोळ्यांनी दटावलं. दिगांबर पडल्या पडल्या एकदा वहिनींकडं, एकदा नत्थूजींकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिला. मी घाईनं छताच्या पंख्याकडं पाहायला लागलो.

बरा झाल्यावर पहिल्याच रविवारी आला. वाट्या समोर आल्या. मी काही करायच्या आत त्यानं भाकरीचा तुकडा माझ्या वाटीत बुडवला आणि जिभेला लावला. मग स्वतःच्या वाटीतलं चाखलं. मग मान वळवून आत भट्टीकडं पाहिलं. मोठा गंज, आणि त्याच्या शेजारी छोटा गंज. मी देवाचं नाव घेतलं. आता हा ताट सरकवणार, नत्थूजींना वाट्टेल ते बोलणार आणि उठून जाणार, ते कायमचं. आत नत्थूजींच्या हातातला पळा थांबला होता. दिगांबरनं गळ्यातला दुपट्टा काढला, आपलं कोरडं ठणठणीत कपाळ पुसलं आणि मोठ्यानं हाक दिली, "नत्थू, पाणी आण गा! आज जास्तच तिखट झालं!"

त्या दिवसानंतर रस्सा फिका आहे हे तो एकदाही म्हणाला नाही. दर रविवारी कोरडं कपाळ पुसायचा, हुश्श करायचा, पाणी मागायचा. नत्थूजी पाण्याचा जग घेऊन स्वतः यायचे आणि म्हणायचे, "पुढच्या बारीले कमी टाकतो, भाऊ." दोघांनाही सगळं माहीत होतं. बाजूला बसून मी मात्र खरोखरच्या घामानं भिजून जायचो. जायच्या आधीच्या रविवारीसुद्धा तो हेच करून गेला. निघताना जोड्यात पाय कोंबत म्हणाला, "याले म्हणते जेवण."

तेरावं झालं. मग दोन रविवार मी गेलो नाही, पाय उचलेना. गेल्या रविवारी एक वाजला तसा घरात बसवेना, म्हणून उठलो. बाकं भरली होती, फक्त आमच्या बाकावर नत्थूजींनी कोणाला बसू दिलं नव्हतं. मी बसलो. आत भट्टीवर पाहिलं तर मोठ्या गंजाशेजारी छोटा गंज चढलेला. नत्थूजी खाली मान घालून म्हणाले, "रविवार आला का हात आपोआप चढवते, बाबारावजी. कोणी खाले नाही, तरी." मी म्हटलं, आज मले त्यातलंच वाढा.

त्यांनी वाढलं. वर लालभडक तर्री, आत ना मिरची ना मसाला. वर्षानुवर्षं हे खाऊन हा माणूस पाणी मागत होता. मी दोन घास खाल्ले आणि मला पुढचं ताट दिसेना. नाक वाहायला लागलं, डोळे वाहायला लागले, थांबेचनात. शेजारच्या बाकावरचे लोक वळून पाहायला लागले. नत्थूजी पाण्याचा जग घेऊन आले आणि जवळ उभे राहिले.

"तिखट झालं का, बाबारावजी?"

मी दुपट्ट्यानं तोंड पुसलं.

"हाव गा नत्थू," मी म्हटलं, "आज जास्तच झालं."